सात शॉटांची नवरी

किन्हवलीच्या एस.टी. स्टँडसमोर 'चंदर व्हिडिओ' हे दुकान आहे. दुकान म्हणजे दहा बाय दहाचा गाळा. त्यातला अर्धा चंदरच्या कॉम्प्युटरचा आणि अर्धा त्याच्या बायकोच्या, अनिताच्या, झेरॉक्स मशीनचा. सातबारा, जातीचा दाखला आणि पासपोर्ट फोटो अनिताकडे. लग्न, साखरपुडा, सत्यनारायण आणि सरपंचाचा वाढदिवस चंदरकडे. गेल्या सव्वीस वर्षांत शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मिळून चंदरने अकराशेच्या वर लग्नं काढली. 'काढली' हा त्याचाच शब्द. लग्न लावतो तो भटजी, करतो तो बाप, आणि काढतो तो चंदर. या तिघांत टिकाऊ काम फक्त आपलं, असं त्याचं मत होतं, आणि काही घरांच्या बाबतीत ते दुर्दैवाने खरंही ठरलं होतं.

त्याच्या धंद्याचं भांडवल एका दारात होतं. नवरीच्या खोलीच्या. आत बारा बायका, बाहेर नवरीचा सख्खा काका 'येऊ का' म्हणून खाकरत उभा, आणि चंदर कॅमेरा खांद्यावर घेऊन सरळ आत. कोणी पदर सावरत नसे, कोणी गप्प होत नसे. म्हाताऱ्या उलट म्हणत, "सरका गो, चंदर आला." ठाण्या-कल्याणहून येणाऱ्या ड्रोनवाल्या पोरांना लग्न आभाळातून दिसायचं, आतल्या खोलीचं दार त्यांना उघडायचं नाही. म्हणून ड्रोनच्या काळातही चंदरचं पोट चाललं होतं.

सव्वीस वर्षांत त्याने एक सिद्धांतही बसवला होता. कुठलाही विधी पाच मिनिटांवर गेला की बघणाऱ्याला झोप येते. तेव्हा विधी चालू ठेवायचा, आणि मध्येच कोणाचा तरी चेहरा टाकायचा. आजीने डोळे पुसले की मंगलाष्टकाला अर्थ येतो. धंद्यात अशा मध्येच टाकलेल्या शॉटला 'इन्सर्ट' म्हणतात, आणि इन्सर्ट त्याच लग्नातला असला पाहिजे असा काही नियम नाही. धसईच्या एका लग्नात २००९ साली लावलेली समई आजवर सहाशे लग्नांत जळते आहे. तेल संपलेलं नाही.

अशा माणसाकडे त्याचा भाचा ऋतिक एका दुपारी आला.

"मामा, आमच्या गाण्याचा व्हिडिओ करायचाय. रॉक."

"रॉक म्हंजे?"

"मोठ्यांदा."

"हळदीला डीजे वाजतो तेवढं?"

"त्याच्याहून कमी," ऋतिक प्रामाणिकपणे म्हणाला.

ऋतिकच्या चार पोरांच्या बँडचं नाव 'खडी'. गावामागच्या बंद पडलेल्या खदानीत ती सराव करत, कारण बाकी सगळीकडून त्यांना हाकललं होतं. गाण्याचं नाव 'गेट उघड'. ऋतिक महामार्गाकडेच्या एका गोदामात कंत्राटावर होता. अकरा महिने भरले तशी त्याला सकाळी गेटवरच थांबवलं; आत त्याचा डबा राहिला होता. त्या डब्यासाठी तो वॉचमनला जे ओरडला, त्याला पुढे चाल लागली.

चंदरला कामाची घाई नव्हती. त्याने आधी अभ्यास केला. ऋतिकने त्याला कुठल्यातरी थंड देशातलं एक रॉक गाणं मोबाइलवर दाखवलं. ते त्याने अकरा वेळा बघितलं आणि एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर दोन रकाने पाडून रेघा मारल्या. एका रकान्यात 'वाजवतात', दुसऱ्यात 'घडतं'. एकूण एकशे चार शॉट. वाजवतात, एकोणऐंशी. घडतं, पंचवीस. वाजवणारे एका रिकाम्या गोदामात कोणासाठी वाजवत होते ते कळत नव्हतं. घडत होतं ते असं, की एक बाई पावसात गाडी चालवत होती.

"हे लोक एकमेकांना ओळखतात का?" चंदरने विचारलं.

"नाय मामा. तीच तर गंमत हाय."

"आणि बाई कुठं पोचत नाय?"

"पोचली तर परत कोण बघल?"

चंदरने पत्रिका खाली ठेवली. म्हणजे हे आपलंच. भटजी एकीकडे त्याचं त्याचं म्हणत असतो, मावशी दुसरीकडे तिचं तिचं रडत असते, आणि दोघांना जोडणारा मधला माणूस आपण. परदेशात ही अक्कल उशिरा पोचली, एवढाच त्याने निष्कर्ष काढला.

खदानीत एक दिवस शूटिंग झालं. 'वाजवतात'चा रकाना भरला. 'घडतं'साठी ऋतिकच्या मनात खरं गेट आणि खरा वॉचमन होता. विठू वॉचमन तयारही झाला होता, इस्त्री करून बसला होता. पण त्या दिवशी त्याला डबल ड्युटी लागली. भाच्यासाठी चंदरने एका दिवसाचाच कॅमेरा कबूल केला होता. गोष्ट राहिली ती राहिलीच.

चंदर कॉम्प्युटरवर बसला तेव्हा त्याच्याकडे वाजवण्याचे एकसष्ट शॉट होते आणि घडण्याचा एकही नव्हता. चार पोरं चार मिनिटं दहा सेकंद खदानीत ओरडताना बघून त्याचे डोळे मिटायला लागले. मग जे झालं ते त्याने ठरवून केलं असं म्हणता येणार नाही. हाताला सवय होती. हाताने जुनी डिस्क लावली, सहा वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातलं सरळगावजवळचं एक लग्न उघडलं, आणि नवरी उचलली. आरशात बघणारी. मांडवाच्या मेढीला धरून उभी असलेली. दाराकडे वळून बघणारी. डोळे भरलेली. असे सात शॉट त्याने बरोबर ड्रमच्या ठोक्यांवर बसवले आणि त्यांचा रंग काढून टाकला. रंग काढला की माणूस कोणाचा राहत नाही, अशी त्याची समजूत होती. मुंडावळ्या मात्र काळ्यापांढऱ्यातही मुंडावळ्याच दिसतात.

ऋतिकने तयार गाणं बघितलं आणि बराच वेळ डोकं खाजवलं.

"मामा, गाणं तर वॉचमनचं हाय."

"आता नाय."

"आणि ही कोण?"

"डोंबिवलीची हाय. नाटकात असते." खोटं इतकं सहज निघालं, की चंदरला वाटलं आपण ते आधीही बोललोय.

गाणं नेटवर चढलं आणि पंधरवड्यात चाळीस हजार लोकांनी बघितलं. गॉगल घातलेला ऋतिक 'गेट उघड' म्हणून छाती फोडतोय, पलीकडे नवरी रडतेय. लोकांनी समजायचं ते समजून घेतलं. खाली लिहिणाऱ्यांनी ऋतिकला धीर दिला. "भावा, तिच्या बापाचा विषय सोड," असंही एकाने लिहिलं. शहापूरच्या एका कॉलेजात बँडला बोलावणं आलं. चंदरने दुकानाच्या पाटीवर 'लग्न, वाढदिवस' याच्यापुढे 'व रॉक' एवढं वाढवून घेतलं.

पाटीचा रंग ओला होता तेव्हाच ती मुलगी आली. चोविसेक वर्षांची, पाठीला सॅक, हातात वही. सरळगावहून जीपने आलेय म्हणाली. कल्याणच्या एका कॉलेजात माध्यमांचा कोर्स करतेय, आणि प्रोजेक्ट मिळालंय: एका रॉक गाण्याच्या व्हिडिओत सादरीकरण आणि कथा कशी एकत्र गुंफली आहेत, त्याचं विश्लेषण करा.

"बाकीच्या पोरी फॉरेनची गाणी घेतायत," ती म्हणाली. "मी म्हटलं, आपल्या तालुक्यातलं घेऊ. दिग्दर्शकाला भेटता तरी येईल."

दिग्दर्शक हा शब्द चंदरला उद्देशून पहिल्यांदाच उच्चारला गेला होता. त्याने खुर्ची पुसली. झेरॉक्सपाशी अनिताने मान वर केली, मुलीकडे बघितलं, आणि पुन्हा मशीनचं झाकण लावलं.

मुलीने वही उघडली. पानभर तक्ता होता. अडुसष्ट शॉट, प्रत्येकाचा सेकंद, आणि समोर 'सा' किंवा 'क'. चंदरला ती पत्रिकेची पाठ आठवली आणि एकदम आपलेपणा वाटला.

"गायक आणि ती मुलगी एकाही शॉटमध्ये एकत्र नाहीत. हे मुद्दाम?"

दोघांमध्ये सहा वर्षं आणि पाऊण तासाचा जीपचा रस्ता होता. "मुद्दाम," चंदर म्हणाला. "विरह."

तिने 'विरह' लिहून घेतलं.

"गायक रंगीत आहे, ती काळीपांढरी."

"तो आत्ताचा, ती आठवणीतली. बघणाऱ्याला सांगावं लागत नाय."

"सदुसष्टाव्या सेकंदाला ड्रमचा ठोका पडतो आणि त्याच क्षणी तिच्या डोळ्यांतून पाणी येतं. किती टेक घेतले?"

"एकच. कलाकार चांगली असली की एका टेकात होतं."

"ग्लिसरीन?"

"छे. तिला म्हटलं, आपल्या आयुष्यातलं काय तरी आठव."

"मग काय आठवलं तिला?"

चंदर जरा मागे रेलला. "ते आपण विचारत नाय. दिग्दर्शकानं तेवढं अंतर ठेवावं."

मुलीने हेही लिहिलं, आणि त्याखाली रेघ ओढली. चंदरला आता सगळंच सुचत होतं. मेढ म्हणजे आधार, आरसा म्हणजे मन. डोंबिवलीच्या कलाकाराबद्दल तो बोलत होता, की गरीब घरची आहे पण कष्टाळू, तेवढ्यात अनिता चहा घेऊन आली.

"रेश्मा, साखर चालते ना गो? लग्नात तुझ्या आयशीनं बिनसाखरेचा पाजला व्हता आमाला. बापाला शुगर म्हणून आख्ख्या मांडवाला फिक्का."

"चालते काकी," मुलगी म्हणाली.

"कुठलं लग्न?" चंदरने विचारलं.

"अवो, सरळगावच्या अलीकडलं. मी लायटीला आलेवती तुमच्यासंगं. हिच्या तोंडावर दोन तास लाइट धरलावता. हात भरून आला व्हता माझा."

स्क्रीनवर सदुसष्टावा सेकंद थांबवलेला होता. चंदरने स्क्रीनकडे बघितलं, मग खुर्चीकडे. अकराशे नवऱ्या त्याने काचेतून बघितल्या होत्या; काच मध्ये नसली की त्याला त्या कोणीही वाटत. रेश्मा चहा फुंकत होती. अनिताने गाणं आजवर बघितलं नव्हतं, आवाजानेच तिचं डोकं दुखे. तिने आता स्क्रीनकडे नीट बघितलं आणि ट्रे खाली ठेवला.

"समईगत वापरलीत व्हय हिला?"

रेश्माचं काय होईल हे चंदरच्या मनात आलं, पण जरा मागून. आधी आलं ते दार. ही पोरगी घरी जाऊन एक शब्द बोलली तर तो शब्द हळदीहळदीतून दोन्ही तालुके फिरणार, आणि मग कुठली आई त्याला आतल्या खोलीत घेणार?

"काढतो," तो म्हणाला. "आत्ता, तुझ्यासमोर काढतो." त्याने माउस धरला.

"हात लावू नका काका!" रेश्मा ओरडली. "शनिवारी सबमिशन हाय. बाहेरचे सर लिंक उघडून बघणार. लिंक मेली तर माझे वीस मार्क गेले."

चंदरने हात वर उचलून धरला, जणू माउस तापला होता.

"मी नारळ घेऊन तुझ्या घरी येतो. बापाच्या पाया पडतो. चार माणसं बसवू, ती म्हणतील ते..."

"चार माणसं माझ्या सोडचिठ्ठीला बसली व्हती," रेश्मा म्हणाली. "पुरे झाली." तिने वहीचं नवं पान काढलं. "आता परत पहिल्यापासून. ह्या वेळी खरं सांगा."

चंदरने खरं सांगितलं. झोप आली होती, हे सांगितलं. विठूची डबल ड्युटी सांगितली. समई सांगितली. विरहापुढे तिने कंसात 'डिस्क' लिहिलं. मेढीचा आधार पुसला गेला, आरशातलं मनही गेलं. अर्ध्या तासात चंदरच्या दिग्दर्शनातलं काही शिल्लक राहिलं नाही.

"आता माझं लिहिते," रेश्मा म्हणाली. "लग्नाच्या दिवशीच बारावीचा रिझल्ट होता. दुपारी एकला. भाऊ सरळगावला नेटवर बघायला गेलेला. मी दाराकडं बघतेय ना सारखी, ते तो येतोय का म्हणून. नवरदेवाकडं नाय, कोणाकडं नाय."

"मग आला का?"

"तिकडं लाइट नव्हती. एकाहत्तर टक्के पडले ते मला सासरी तिसऱ्या दिवशी कळलं. तिथं कोणाला सांगणार?" तिने बोटाने स्क्रीनवरच्या ऋतिकच्या गॉगलवर टिचकी मारली. "आणि तुमी काय केलंय? आधी ह्याचं तोंड, मग माझं. म्हंजे मी ह्या गॉगलवाल्यासाठी रडतेय. माझं तोंड आधी टाकलं असतंत, तर तो माझ्या रिझल्टसाठी ओरडतोय असं वाटलं असतं. नुसतं पुढंमागं केलंत तरी गोष्ट बदलते काका. सव्वीस वर्षं काय केलंत?"

अकराशे लग्नांत चंदरला हे कोणी विचारलं नव्हतं. त्याने मनातल्या मनात दोन शॉटची अदलाबदल करून बघितली. पोरगी बरोबर होती. गॉगलवाला एकदम कामाचा माणूस दिसायला लागला.

"मग काय करू? तू सांग."

"व्हिडिओला हात नाय लावायचा. खाली माहिती लिहायची जागा असते ना, तिथं लिहायचं. त्यानं लिंक बदलत नाय. मी बघून आलेय." आणि तिने सांगितलं, त्याने टाइप केलं, अनिताने मागून शुद्धलेखन बघितलं, कारण दाखल्यांच्या अर्जांमुळे ते तिलाच येत होतं:

'या गाण्यातील सात शॉटांमधील स्त्रीचे नाव रेश्मा आहे. हे शॉट तिच्या स्वतःच्या लग्नातले असून तिला न विचारता घेतलेले आहेत. ती या गाण्यासाठी रडलेली नाही. – चंदर व्हिडिओ, किन्हवली.'

"गो, पण तुझं नाव आख्ख्या तालुक्यात..." चंदरने शेवटचा प्रयत्न करून बघितला.

"तोंड बघितलंच हाय तालुक्यानं. नाव तेवढं राहिलंय."

नाव कोणाचं जास्त जाणार आहे, ते तिघांनाही माहीत होतं. चंदरने खाली सवयीने आपला मोबाइल नंबरही टाकला होता. प्रत्येक कॅसेटवर, प्रत्येक सीडीवर टाकत आला होता तसा.

"नंबर कशाला?" अनिता म्हणाली.

"राहू दे," रेश्मा म्हणाली. "कोणाला काय विचारायचं असलं तर विचारतील."

चंदरने बटण दाबलं.

दहा दिवसांनी रेश्माचा फोन आला. वीसपैकी अठरा. बाहेरून आलेल्या सरांना व्हिडिओ मध्यम वाटला, पण खालची टीप फार आवडली होती. कल्पित पात्राला खरं नाव आणि खरी तक्रार देऊन दिग्दर्शकाने सादरीकरण आणि कथा यांच्यातली भिंतच पाडली आहे, असा उपरोध मराठीत क्वचित आढळतो, असं त्यांनी वर्गात सांगितलं. दोन मार्क कापले ते रेश्माने ती टीप खरी मानल्याबद्दल. विश्लेषकाने कथेच्या इतकं आहारी जाऊ नये, असा शेरा होता.

"तू सांगितलं नायस, ती तूच म्हणून?"

"सांगितलं. सर म्हणाले, छान, असंच आत शिरायला हवं."

बँडचं नुकसान झालं नाही. टीप वाचायला आणखी तीस हजार लोक आले आणि वाचून झाल्यावर ऋतिकला पुन्हा धीर देऊन गेले. गाणं गेटचं आहे, हे आजवर फक्त विठू वॉचमनला पटलेलं आहे.

चंदरचा फोन मात्र महिनाभर तसा शांत होता. ठरलेली दोन लग्नं कळवल्याशिवाय दुसरीकडे गेली. तिसरं टिकलं, डोळखांबच्या बाजूचं. तो कॅमेरा घेऊन नवरीच्या खोलीपाशी गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर थांबला. नवरीची आजी, बाईजा, दारातच पाट टाकून बसली होती.

"भायेर का हुबा? ये आत. हळद काढ, बांगड्या काढ, काय काढायचं ते काढ. पन रडायच्या टायमाला तू नाय."

"आजी, अकराशे लग्नं काढली मी."

"म्हाईत हाय. लिवलायस ना मोबाइलात सगळं. नातीनं वाचून दावलं." तिने पान तोंडात सारलं. "बाई आपल्यासाटी रडंल नायतर तुज्या क्यामेऱ्यासाटी. दोनी कामं येका टायमाला कशी व्हतील?"

हा सिद्धांत सव्वीस वर्षांच्या सिद्धांताच्या बरोबर उलट होता.

"मग मी काय करू तवर?"

"जेव."

पाठवणीची वेळ झाली तसं खोलीचं दार आतून लागलं. चंदर मांडवाच्या कडेला टेबलापाशी जाऊन बसला. भाताचं पातेलं नुकतंच चुलीवरून उतरलं होतं. पानात पडलेल्या भातातून वाफ निघत होती. तो बोट भाजून घेऊन ते तोंडात घालून बसला. इतक्या लग्नांत त्याला मिळाला तो सगळं आटोपल्यावरचा, पातेल्याच्या तळाचा. लग्नातला भात मुळात गरम असतो, ही माहिती त्याला नवीन होती.

आतून रडण्याचा आवाज आला. आधी एक, मग तीन-चार मिसळले. किती बायका आहेत ते मोजण्याचा त्याने प्रयत्न केला आणि सोडून दिला. कॅमेरा शेजारच्या खुर्चीवर ठेवला होता. वाढप्याने धांदलीत बघितलं न बघितलं, आणि कॅमेऱ्याच्याही पुढे पत्रावळ मांडून वरण वाढलं.